रॅम्बलरच्या दारातल्या रेघा

मी रंगवलेल्या गाडीवरून खुशाल बोट फिरवा. कुठं खाच लागली तर अनिलकुमार हे नाव टाकून देईन. चाळीस वर्षं मी हे येईल त्याला सांगत आलो, आणि चाळीस वर्षांत कुणाचं बोट कुठं अडकलं नाही. याचा मला माज होता. होता म्हणजे होताच, आता लपवून काय करू?

अक्कलकोट रोडला माझं गॅरेज आहे. दर रविवारी सकाळी तिथं आम्ही जुन्या गाड्यांचे चार-पाच येडे जमतो. वायरिंगवाले महादेवप्पा येतात, कॉलेजात शिकवणारा अभिमन्यू येतो. चहा होतो आणि कुणाच्या तरी बॉनेटमध्ये आम्ही डोकी घालतो. सगळ्यांची लाडकी गाडी मात्र एकच, हिंदुराव तात्यांची रॅम्बलर. साठ सालची, अमेरिकेची. अमेरिकन गाडी म्हटलं की लोकांना लांबलचक धूड आठवतं. ही तशी नाही. आपल्या ॲम्बॅसिडरपेक्षा वीतभर मोठी असेल नसेल, गोल खांद्यांची, आटोपशीर. पुढच्या सीटची पाठ मागं पाडली की आत चक्क पलंग होतो. महादेवप्पा तर तिला सूनबाई म्हणायचे आणि तिच्याजवळ कुणाला विडी ओढू द्यायचे नाहीत.

तात्या मूळचे करकंबचे. सोलापुरात एका डॉक्टरांकडं ड्रायव्हर होते. चाळीसेक वर्षांपूर्वी डॉक्टर म्हातारपणी मुलाकडं परदेशी निघाले तेव्हा गाडीची किल्ली तात्यांच्या हातात ठेवून गेले. "तात्या, तुम्ही हिला पोटच्या पोरीसारखी जपलीत बघा," असं आम्ही येता-जाता म्हणायचो. तात्या कपातल्या चहाकडं बघत बसायचे. त्यांची एकुलती एक मुलगी पायल, नवव्या वर्षी मेंदूज्वरानं चार दिवसांत गेली होती. तीस वर्षं झाली त्याला. आम्हाला ते माहीत होतं, तरी आम्ही तसं म्हणायचो. अक्कल गहाण ठेवलेली, दुसरं काय?

या उन्हाळ्यात तात्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. एक डोळा गेलाच होता, दुसऱ्यातलं उरलंसुरलं दिवाळीपर्यंत टिकलं तर नशीब, असं डॉक्टरनं सांगितलं. आणि रॅम्बलर तीन वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये बंद पडलेली. एका रविवारी तात्या काठी टेकत आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "अनिल, यंदा खंडेनवमीला मला तिची पूजा करायचीय. चालू गाडीची. दिसतंय तवर."

"करू की, तात्या!"

"इंजिन तेवढं बघा. रंगाला हात लावू नगा. हाय तसा ऱ्हाऊ दे."

"का हो?"

"ऱ्हाऊ दे म्हटलं की."

तात्या गेल्यावर मी म्हणालो, म्हाताऱ्याला संकोच वाटतोय, आपले उपकार नकोत त्याला. अहो, त्या गाडीचा रंग जागोजाग उडालेला, खाली गंज. असल्या गाडीची पूजा करायची? महादेवप्पा म्हणाले, "अनिल, नको म्हणालाय तो. एकदा विचार तरी." मी उसळलो. म्हटलं, माणूस डोळ्यांनी शेवटचं बघणार, ते गंजलेलं बघणार का? मी असताना?

मग काय, आम्ही पेटलोच. अभिमन्यूनं अमेरिकेतला एक रॅम्बलरवेडा इंटरनेटवर गाठला आणि कार्ब्युरेटरचं सामान मागवलं. अप्पांनी सगळं वायरिंग नवं ओढलं. मी डॅशबोर्डच्या मागं मूळ रंगाचा तुकडा शोधला, फिकट आकाशी, आणि हुबेहूब तसा मिसळला.

मागचं डावं दार उघडलं तेव्हा दोन्ही दारांच्या मधल्या खांबावर रेघा दिसल्या. आडव्या, एकावर एक, स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडलेल्या. आठ होत्या, मी मोजल्या. दार लावलं की झाकून जायच्या. कुठल्या कारट्यानं गाडी खरवडलीय बघा, म्हणून मी शिवी हासडली. तोंडानं, मोठ्यानं. मग ग्राइंडर लावला, पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारला आणि वरून बोट फिरवलं. खाच लागली नाही.

खंडेनवमीला सकाळी आम्ही रॅम्बलर चालवत जुळे सोलापुरात तात्यांच्या दारात नेली. हॉर्न ऐकूनच तात्या बाहेर आले. इंजिनाचा आवाज ऐकून त्यांचा चेहरा असा काही खुलला की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. "वळीखली! सोना, ऐकतीस न्हवं? तीच हाय!" तात्यांच्या मंडळी सोनाबाई काकू आरतीचं ताट घेऊन उंबऱ्यात आल्या. तात्या अगदी जवळ जाऊन, नाक लावल्यासारखं करून बघायला लागले.

"रंगवलीस व्हय?"

"कारखान्यातून निघाली तशी करून आणलीय, तात्या! फिरवा बोट."

तात्या बॉनेटवरून हात फिरवत मागं गेले. मागचं डावं दार त्यांनी उघडलं आणि मधल्या खांबावर बोट टेकवलं. बोट वर गेलं. खाली आलं. परत वर गेलं, हळूहळू. मी शेजारी छाती काढून उभा.

"न्हाय लागत," तात्या म्हणाले.

"मग! लागेल कशी? हात कुणाचा आहे?" मी म्हणालो. असं म्हणालो मी.

काकूंच्या ताटातलं निरांजन कलंडलं. "रेघा कुटं गेल्या?" त्या म्हणाल्या. "अवं, रेघा कुटं गेल्या तिच्या?"

मग कळलं. दर खंडेनवमीला गाडीची पूजा झाली की तात्या पायलला त्या खांबाला टेकवून उभी करायचे आणि डोक्यावर रेघ मारायचे. "आदी चारी चाकांत हवा बघायचे," काकू रडत सांगत होत्या. "हवा कमी असली की गाडी बसती, माप चुकतं म्हनायचे. अनवानी उभी करायचे तिला. आट रेघा झाल्या. नवव्या रेघंला ती ऱ्हायलीच न्हाय."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. महादेवप्पा तोंड फिरवून उभे राहिले. मी डिकीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि खांबाला भिडलो. "खाली असतील, तात्या. काढतो मी वरचं. असतील खाली." मी ग्राइंडर लावला होता. खाली काही नाही हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

तात्यांनी माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे. तुझा हात मला ठावं हाय की. तू काय ठेवतोस व्हय खाली?"

रागानं नाही म्हणाले. रागानं म्हणाले असते, चार शिव्या घातल्या असत्या, तर मला सोसलं असतं.

मग तात्यांनीच विचारलं, "चाकात हवा किती हाय?"

मी मीटर लावला. मागच्या एका चाकात थोडी कमी होती. अप्पांनी पायपंपानं भरली. मी चारी चाकं पुन्हा तपासली आणि सांगितलं, "सारखी आहे, तात्या."

"सोना, हिकडं ये. शेवटची रेघ तेवढी मारू. ती तुला कुटवर लागायची, तुला तरी याद हाय न्हवं?"

"याद नसाया काय झालं?" काकूंनी ताट खाली ठेवलं, चपला काढल्या आणि खांबाला खेटून उभ्या राहिल्या. "शाळंतनं आली की हितं डोकं घुसवायची." त्यांनी छातीच्या खाली तळवा आडवा धरला. माझ्या नव्या रंगावर, त्या तळव्याच्या पातळीत, मी रेघ मारली. रेघ वाकडी गेली.

तात्यांनी रेघेवर बोट ठेवलं. मग ते बोट हळूच वर सरकलं, चार बोटं वर, आणि तिथल्या गुळगुळीत जागेवर थांबलं. मी काकूंकडं बघितलं. तीस वर्षांत त्या किती वाकल्यात, ते मला तेव्हा दिसलं. हवेचं माप आम्ही दोनदा घेतलं, पण काकूंचं वाकणं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"बरुबर हाय न्हवं?" काकूंनी विचारलं.

तात्यांनी बोट परत खाली रेघेवर आणलं. "हाय की," ते म्हणाले. "बरुबर हाय."

काकूंनी त्या रेघेला हळद-कुंकू लावलं.

दिवाळीनंतर तात्यांना काही दिसत नाही. गाडी आता माझ्याच गॅरेजात असते. अभिमन्यू तात्यांना रविवारी घेऊन येतो आणि ते मागचं डावं दार उघडून सीटवर बसतात, पाय बाहेर सोडून. चहा पिता पिता त्यांचं बोट खांबावर जातं. आधी वरच्या गुळगुळीत जागेवर थांबतं, मग खाली रेघेवर येतं. बोट फिरवून बघा, असं मी आता कुणाला म्हणत नाही. शनिवारी संध्याकाळी तेवढी तिच्या चारी चाकांतली हवा बघून ठेवतो.