टाळीमास्तरांचं खरं मत

टाळीमास्तरांनी उजवा हात वर केला की दोनशे माणसं टाळ्या वाजवत. दोन्ही हात वर केले की उभी राहत, आणि तर्जनी डोळ्याखाली नेली की दोनशे माणसं मुकाट्याने डोळे पुसू लागत. एवढा दरारा फार तर सेनापतीचा असतो. पण सेनापतीचंही घरी कुणी ऐकत नसणार, अशी मास्तर स्वतःची समजूत घालून घेत.

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेचा हा अकरावा हंगाम होता आणि मास्तर पहिल्यापासून तिथेच होते. कागदोपत्री त्यांचा हुद्दा बराच लांबलचक होता, पण सेटवर सगळे त्यांना टाळीमास्तर म्हणत. मधल्या कॅमेऱ्याच्या खाली, रंगमंचाकडे पाठ करून, गुडघ्यांत वाकून उभं राहायचं आणि प्रेक्षकांना खुणा करायच्या, हे त्यांचं काम. दहा हंगामांत त्यांनी शेकडो गायक पाठीने ऐकले होते. कोण कसं दिसतं ते त्यांना घरी टीव्ही लावल्यावर कळे.

या धंद्याने मास्तरांची एक सवय कायमची बिघडवली होती. त्यांना कशालाही 'वा!' म्हणायची खोड लागली होती. बायकोने सूप पुढे ठेवलं की चमचा तोंडात जायच्या आत 'वा!' येई. तिने केस कापून घेतले, 'वा!' तिने केस कापून घेतले नव्हते, नुसते धुतले होते, तरी 'वा!' एकदा ती जिन्यात घसरून पडली तेव्हाही त्यांच्या तोंडून आधी तेच निघालं होतं, आणि ते प्रकरण निस्तरायला त्यांना आठवडा लागला होता. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती आणि मास्तरांच्या कौतुकाची किंमत घरात पार शून्यावर आली होती. याचं त्यांना वाईट वाटे. वाईट वाटतं हेही बायकोला खरं वाटणार नाही, म्हणून ते बोलत नसत.

बायको चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. अंधाऱ्या खोलीत माणसाला उंच खुर्चीवर बसवायचं, डोळ्यांपुढे एकामागून एक काचा सरकवायच्या आणि विचारायचं, "आता नीट दिसतंय, की मघाशी दिसत होतं?" गिऱ्हाईक बिचारं बुचकळ्यात पडे, पण ही सोडत नसे. नक्की उत्तर मिळाल्याशिवाय पुढची काच नाही. काम करताना ती गुणगुणायची, आणि काही म्हातारी गिऱ्हाइकं नंबर बदलला नसतानाही त्या गुणगुणण्यासाठी येतात असा दुकानात समज होता.

यंदाचा हंगाम चाळिशीपुढच्यांसाठी आहे असं जाहीर झालं आणि दोन महिन्यांनी निवडलेल्या बारा जणांची यादी मास्तरांच्या हातात आली. सातवं नाव बायकोचं होतं. मास्तरांनी ते तीनदा वाचलं. मग पत्ताही वाचला, तो त्यांचाच होता.

"मला का नाही सांगितलंस?" त्यांनी घरी येऊन विचारलं.

"सांगितलं असतं तर काय म्हणाला असता?"

मास्तरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "वा म्हणालो असतो."

"म्हणूनच नाही सांगितलं," ती म्हणाली आणि इस्त्रीकडे वळली.

कार्यक्रमाच्या निर्मात्या बाई मात्र हरखून गेल्या. टाळीमास्तरांचीच बायको स्पर्धेत, याहून चांगलं काय हवं! त्यांनी लगेच फर्मान काढलं. बायको गाईल त्या दिवशी मास्तरांनी कुटुंबीयांच्या रांगेत बसायचं, एक कॅमेरा त्यांच्यावर राहील, आणि खुणा करायला त्यांच्या जागी मावशी उभ्या राहतील. मावशी म्हणजे मास्तरांच्या फौजेतल्या सगळ्यात जुन्या भाडोत्री प्रेक्षक. त्यांच्या डोळ्यांतून हुकमी पाणी यायचं, तेही दिग्दर्शक सांगेल त्या डोळ्यातून. बढती मिळाल्यावर त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर थोपटलं. "काळजी करू नका मास्तर, तुमचंच बोट मी वर नेणार आहे असं समजा."

पहिली फेरी बारांतून सहा निवडण्याची होती. सहांत आलेल्यांना स्पर्धेच्या निवासात तीन महिने राहावं लागणार होतं, आणि त्याचे कागद त्याच दुपारी सही करून द्यायचे होते. दुकानाच्या मालकांनी सांगून टाकलं होतं की तीन महिने तिची जागा रिकामी ठेवता येणार नाही, दुसरी बाई घ्यावी लागेल. म्हणजे सही केली की एकोणीस वर्षांची नोकरी गेली.

फेरीच्या आदल्या संध्याकाळी बायकोने भांडी विसळता विसळता विषय काढला.

"अहो, एक विचारू? मला खरंच गाता येतं का?"

"येतं म्हणजे काय! अगं, तुझ्या आवाजात—"

"थांबा. तसं नको." तिने नळ बंद केला. "परीक्षकांनी बाराही जणांना दैवी आवाज म्हटलंय. त्या बेसूर खाटिकदादांना सुद्धा. प्रेक्षक तुमचे, ते सांगाल तेव्हा रडतात. दुकानातले लोक भिडेचे. एक माणूस हवाय हो मला, खरं सांगणारा. एकच. आणि नशिबाने माझ्या वाट्याला आलात तुम्ही!"

मास्तर ओशाळून हसले. ती हसली नाही.

"उद्या गाऊन झाल्यावर मी तुम्हाला विचारीन," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल त्यावर सही करायची की नाही ते ठरवीन. पण मला ते खरं वाटलं पाहिजे."

त्या संध्याकाळी मास्तरांनी न्हाणीघराच्या आरशासमोर उभं राहून खरं मत देण्याचा सराव केला. प्रत्येक खेपेला चेहरा जाहिरातीतल्या माणसासारखा दिसायला लागला, तेव्हा त्यांनी दिवा बंद केला.

दुसऱ्या दिवशी मास्तर कुटुंबीयांच्या रांगेत बसले. आपल्या हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना. शेवटी ते मांड्यांखाली दाबून ठेवले. समोर मधल्या कॅमेऱ्याखाली मावशी वाकून उभ्या होत्या, आणि मावशींच्या मागे, उजेडात, बायको उभी होती. दहा हंगामांत पहिल्यांदाच मास्तरांचं तोंड रंगमंचाकडे होतं.

तिने एक जुनं गाणं निवडलं होतं, कुणाची तरी वाट बघत दाराशी उभ्या राहिलेल्या बाईचं. पहिली ओळ तिने साधीच म्हटली. दुसरीही. आणि मास्तरांच्या ध्यानात आलं की हिचं गाणं आपण कधी दुसऱ्या ओळीच्या पुढे ऐकलेलंच नाही. घरी दुसऱ्या ओळीला ते 'वा!' म्हणत, आणि ती थांबे. एकवीस वर्षं ती थांबत आली होती. तिला तेवढंच म्हणायचं असेल असं समजून ते पेपर उघडत.

त्यांचे डोळे भरून यायला लागले. खरेखुरे, कुणाच्याही खुणेशिवाय. आणि नेमकं तेव्हाच मास्तरांमधला दहा हंगामांचा जुना कामगार जागा झाला. कॅमेरा परीक्षकांवर आहे, त्याने बजावलं. आत्ता रडलास तर वाया जाईल. प्रेक्षकांना ते हेच शिकवत आले होते की आधी रडायचं नाही, मग ऐन वेळी डोळे कोरडे पडतात. मास्तरांनी वर दिव्यांकडे बघितलं, आणि आलेलं सगळं पाणी माघारी धाडलं.

गाणं संपत आलं. मावशींनी वळून मास्तरांकडे बघितलं, आणि तर्जनी डोळ्याखाली नेली.

मास्तरांना घळाघळा रडू आलं. खोटं म्हणावं तर आतलंच होतं, खरं म्हणावं तर बोटाबरोबर आलं होतं. एक थेंब उजव्या गालावरून हनुवटीपर्यंत नीट सरळ उतरला. दिग्दर्शक आतून "वा!" म्हणाल्याचं मावशींनी नंतर सांगितलं. रंगमंचावरून बायकोने मावशींचं बोट बघितलं, मग मास्तरांचा गाल बघितला.

परीक्षक उभे राहिले. दोनशे माणसं उभी राहिली. सहांत तिचं नाव आलं.

रंगभूषेच्या खोलीबाहेर एक अरुंद बोळ होता. तिथे इस्त्रीचं टेबल, कपड्यांची लोखंडी चाकगाडी आणि कागदांची फाइल घेऊन उभा असलेला कारकून, एवढं सगळं दाटीवाटीने उभं होतं. बायकोने कारकुनाला पाच मिनिटं थांबायला सांगितलं आणि मास्तरांना चाकगाडीच्या पलीकडे नेलं.

"बोट वर गेलं आणि तुमचं पाणी आलं," ती म्हणाली.

"अगं, त्याच्या आधीच आलं होतं! दुसऱ्या ओळीला. पण कॅमेरा तिकडे नव्हता, म्हणून मी परत..." आपण काय बोलतोय ते ऐकून मास्तर मध्येच गप्प झाले. जगात कुठल्याही नवऱ्याने याहून लंगडी सबब दिली नसेल, हे त्यांचं त्यांनाच पटलं.

बायको कंटाळल्यासारखी झाली. रागावली असती तर बरं झालं असतं. "जाऊ द्या," ती म्हणाली. "माझीच चूक. तुम्हाला विचारायलाच नको होतं." आणि ती कारकुनाकडे वळली.

मास्तर घाबरले. ती आता सही करील किंवा करणार नाही, पण जे करील ते एकटीने करील, आणि पुन्हा आपल्याला कधीच काही विचारणार नाही, हे त्यांना लख्ख दिसलं. घाबरलेला माणूस जे तोंडाला येईल ते बोलतो. मास्तरांच्या तोंडाला आयुष्यात कधी आलं नव्हतं ते आलं.

"शेवटच्या कडव्यात वरचा सूर लागला नाही तुझा."

बायको थांबली.

"काय म्हणालात?"

"लागला नाही. थोडा खालीच राहिला. तू त्याच्या आधी श्वास घेतला नाहीस, घाई केलीस." मास्तरांचे कान तापले. आता आपलं काही खरं नाही असं वाटत असूनही त्यांना थांबता येईना. "परीक्षक नेमक्या त्याच सुराला टाळ्या वाजवत उठले. पण तो चुकला होता. दहा वर्षं मी नुसतं ऐकतोच आहे, मला चुकलेला सूर कळतो."

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. तिने त्यांचा एक डोळा बघितला, मग दुसरा, नेहमी लोकांचे बघते तसे.

"मला वाटलं होतं चुकला म्हणून," ती हळूच म्हणाली. "सगळे उभे राहिले तेव्हा वाटलं, मलाच भास झाला." मग तिने विचारलं, "आणि बाकीचं?"

"बाकीचं..." मास्तरांनी हात वर उचलले आणि खाली घेतले. "बाकीचं मी कधी ऐकलंच नव्हतं गं. दर वेळी मध्ये बोललो. माझं चुकलं."

तिने नाक ओढलं. "दर आठवड्याला सांगाल? काय चुकलं ते?"

"सांगेन."

"भिडेने नाही?"

"छे! भीतीने सांगेन हवं तर."

ती हसली आणि तिने सही केली.

पुढचे सात आठवडे मास्तरांच्या आयुष्यातले सगळ्यात कठीण गेले. दर शनिवारी रेकॉर्डिंग संपलं की त्या बोळात चाकगाडीपाशी जायचं आणि बायकोला तिच्या चुका सांगायच्या. एकदा ताल सुटला होता. एकदा ती शब्द विसरली होती आणि हसून वेळ मारून नेली होती. सांगताना मास्तरांना घाम फुटे. ती ऐकून घेई, कधी वाद घाली, एकदा तर रागाने तोंड फिरवून निघून गेली. पण दुसऱ्या आठवड्यात ती चूक होत नसे. टीव्हीवर मात्र मास्तरांचा तो सरळ उतरणारा थेंब भलत्याच ठिकाणी गेला. खाटिकदादांच्या गाण्यात तो चार वेळा दाखवला, आणि हे खाटिकदादांचे कोण, अशी लोकांनी चौकशी केली.

आठव्या शनिवारी बायको बाहेर पडली. लोकांची मतं कमी पडली. परीक्षकांनी हुंदके दिले, मावशींनी बोट वर नेलं, आणि निर्मात्या बाईंनी तिला फुलं देऊन आलिंगन दिलं. दुकानात तिच्या जागी आता दुसरी बाई होती. पुढे काय, ते दोघांनाही माहीत नव्हतं.

मास्तर बोळात आले तेव्हा ती फुलं इस्त्रीच्या टेबलावर टाकून चाकगाडीला टेकून उभी होती. डोळ्यांतलं काजळ जागच्या जागी होतं.

"सांगा," ती म्हणाली. "आज काय चुकलं?"

मास्तरांनी विचार केला. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं गाणं मनात पुन्हा ऐकलं. काहीतरी सापडावं म्हणून त्यांनी फार प्रयत्न केला, कारण काही सापडलं असतं तर बाहेर पडण्याला निदान कारण तरी मिळालं असतं.

"काही नाही," ते म्हणाले.

"नीट आठवा."

"आठवलं. कुठेच चुकलं नाही. फार सुंदर झालं."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. पण तिने पुन्हा विचारलं नाही. ती चाकगाडीवरून हळूहळू खाली सरकली, बोळातल्या फरशीवर बसली, आणि तिला रडू कोसळलं.

मास्तरही शेजारी बसले आणि तिचं रडू संपेपर्यंत ऐकत राहिले.