शेवटची आठ पानं

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. माणसाच्या हिशेबात अठरा वर्षं म्हणजे तरणं वय. पुस्तकाच्या हिशेबात ते पाठीला बाक येण्याचं वय. सेलूतल्या एका लहानशा वाचनालयात, खिडकीकडच्या लोखंडी कपाटात मी राहते. माझ्या शेजारी माझ्या चार थोरल्या बहिणी उभ्या आहेत. आम्ही पाचजणी मिळून एकच गोष्ट सांगतो. मी सर्वांत धाकटी, म्हणून गोष्टीचा शेवट माझ्या पोटात आहे.

आमच्या मालेचं नाव 'धुक्यातली घंटा'. एका छोट्या ख्रिस्ती प्रकाशकानं आम्हांला छापलं. छापखान्यातल्या बायकांनी सोळा-सोळा पृष्ठांचे माझे फर्मे दुमडले, दोऱ्यानं शिवले आणि पाठीवर सरस लावून मला वजनाखाली दाबून ठेवलं. मुखपृष्ठावर डोंगरावरचं चर्च, धुकं आणि लांब कोट घातलेली एक तरुणी आहे. तिचं नाव रूथ. घाटात कुणाच्या तरी गाडीनं तिच्या वडिलांना उडवलं आणि गाडीवाला पळून गेला. रूथ त्याला पाच भाग शोधते. डॅनियल नावाचा तरुण फौजदार तिच्या मदतीला येतो आणि तिच्या प्रेमात पडतो. आमच्यात निनावी पत्रं आहेत, मोडता मोडता वाचलेलं लग्न आहे आणि दर वीस-पंचवीस पृष्ठांनी एक प्रार्थना आहे.

आम्हांला सेलूत आणलं मेरी सिस्टरांनी. त्या दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त होऊन मुलाकडे जाताना त्यांनी आम्हां पाचजणींना खोक्यात घालून वाचनालयाला दिलं. खोकं दोन वर्षं टेबलाखाली पडून राहिलं. जिनिंग गिरण्यांच्या हंगामात रुईची म्हातारी उडावी तसा कापूस हवेत उडायचा आणि फटीतून आमच्या अंगावर येऊन बसायचा. कसर माझ्या कोपऱ्याला लागली. छापलेल्या पुस्तकाला कुणी न वाचण्याइतकं मोठं दुःख नाही, हे मला तेव्हा कळलं.

खोकं उघडलं ते ग्रंथपाल बन्सीधर यांनी. मित्रांनो, या माणसाविषयी मी काय सांगू? पुस्तकाचं पान कुणी दुमडलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. त्यांनी माझा कोपरा झाडला, पाठीला कापडाची पट्टी लावली, पहिल्या पानावर शिक्का मारला. शिक्का मारतानाही ते फुंकर घालून शाई वाळवत. स्वतः मात्र कादंबऱ्या वाचत नसत. "मला पुस्तकं सांभाळता येतात, तेवढं पुष्कळ," असं म्हणत.

गावात त्यांचं नाव आणखी एका गोष्टीसाठी होतं. वाचनालय झाडायला सरजाबाई यायच्या. अकरा वर्षांपूर्वी त्यांचे यजमान भगवानराव देवगाव फाट्याहून पंक्चर झालेली सायकल ढकलत घरी येत होते. दिवस मावळायच्या सुमाराला कुठल्याशा वाहनानं त्यांना धडक दिली. वाहन सापडलं नाही. पदरात दोन लेकरं घेऊन सरजाबाई एकट्या पडल्या. तेव्हा बन्सीधरांनी अध्यक्ष दत्तरावांच्या पाठी लागून त्यांना वाचनालयात काम मिळवून दिलं. एवढंच नाही, तिसरीत शाळा सुटलेल्या सरजाबाईंना त्यांनी पुन्हा वाचायला शिकवलं. आधी वर्तमानपत्राचे मथळे, मग लहान मुलांच्या गोष्टी. वर्धापनदिनाला लोकांनी त्यांना शाल-श्रीफळ दिलं. ते घेताना ते खाली बघत होते. किती विनयी माणूस, असं सगळे म्हणाले. मलाही तसंच वाटलं होतं.

आमची खरी वाचक मात्र संघप्रिया. ती वाचनालयाच्याच समोरच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायची. घरी दोन खोल्यांत सहा माणसं, त्यामुळे तिचा सगळा भरवसा त्या अभ्यासिकेतल्या एका खुर्चीवर होता. डोकं शिणलं की ती आमच्यातली एकेकजण घरी न्यायची. तीन आठवड्यांत तिनं पाचही भाग संपवले आणि पहिला भाग सरजाबाईंच्या हातात ठेवला.

"मावशी, हे वाचून बघा. झाडू बाजूला राहील, सांगून ठेवते."

तसंच झालं. सरजाबाई झाडलोट उरकून पायरीवर बसत आणि ओळीखाली बोट सरकवत वाचत. त्या पुस्तक घरी नेत नसत. घरी वाचायला बसलं की कामं हाका मारतात, असं म्हणायच्या. पहिल्या भागात त्यांनी प्रार्थनेची पृष्ठं उलटून टाकली. तिसऱ्या भागात रूथ वडिलांच्या कबरीपाशी गुडघे टेकते, ते पृष्ठ त्यांनी दोनदा वाचलं. संघप्रियाला म्हणाल्या, "देव त्यांचा असंल, पोरी. रडणं आपलंच हाय."

रोज जाताना त्या बन्सीधरांना गोष्ट पुढं सांगत. बन्सीधर रजिस्टरात मान घालून ऐकत. पाचवा भाग, म्हणजे मी, त्यांच्या हाती आले तेव्हा सरजाबाई अस्सल तपासनीस झाल्या होत्या. एका सकाळी माझ्यात कागदाची खूण घालून त्या म्हणाल्या, "भाऊ, मला वाटायलंय, मारणारा कुणी बाहेरचा न्हाई. तिच्या घरी येऊन बसणारा हाय. तो जोनाथन हाय ना, तिच्या शिक्षणाला मदत केलेला, तो लय चांगला हाय. इतकं चांगलं कुणी उगं असतंय का?"

बन्सीधरांच्या हातातला शिक्का खाली यायचा थांबला.

दुपारी वाचनालय रिकामं झालं. बन्सीधरांनी मला कपाटातून काढलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते मला वाचत होते, तेही शेवटाकडून आणि उभ्याउभ्या. त्यांचा श्वास माझ्या पानांना लागत होता. सोळा पृष्ठं, म्हणजे आठ पानं. ती वाचून झाल्यावर त्यांनी मला टेबलावर उताणं ठेवलं, शिवणीजवळ लोखंडी पट्टी दाबून धरली आणि एकेक पान फाडलं.

मित्रांनो, मला दुखलं असं मी म्हणणार नाही. मला विश्वासच बसला नाही. कसर लागलेला कोपरा ज्या बोटांनी झाडला, तीच ही बोटं होती. आठवं पान निघालं तरी मला वाटत होतं की यात काहीतरी चूक आहे, ते आता थांबतील. ते थांबले नाहीत. पानं खाकी पाकिटात घालून त्यांनी ड्रॉवरला कुलूप लावलं आणि मला जागेवर ठेवलं, नेहमीसारखं सरळ, पाठ बाहेर करून.

चार दिवसांनी सरजाबाई शेवटाशी पोचल्या. रूथ धुक्यात चर्चचं दार उघडते, आत मेणबत्तीपाशी कुणीतरी पाठमोरं बसलेलं असतं, आणि पुढं काही नाही. सरजाबाईंनी मला उलटंपालटं करून पाहिलं. शिवणीतून डोकावणाऱ्या कागदाच्या कडांवरून त्यांनी बोट फिरवलं.

"कुणीतरी कापून नेलं हो," त्या एवढंच म्हणाल्या.

नेमके त्या दिवशी दत्तराव आले होते. त्यांनी रजिस्टर मागवलं. त्यात मला घरी नेणारी एकटी संघप्रिया. तिला अभ्यासिकेतून बोलावून घेतलं. दत्तराव म्हणाले, "पुस्तक तू नेलंस. परत करताना पानं होती का, हे कोण सांगणार?"

"बन्सीधर सर सांगतील. त्यांनी प्रत्येक पान मोजूनच घेतलंय."

सगळ्यांनी बन्सीधरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "नीटसं आठवत नाही."

हा मला बसलेला दुसरा धक्का, आणि तो पहिल्याहून मोठा होता. त्यांना तर कोणत्या पुस्तकावर चहाचा डाग कधी पडला, हेही आठवायचं.

दत्तरावांनी संघप्रियाचं सभासदत्व रद्द केलं. अभ्यासिकेतली खुर्चीही उद्यापासून सोडायची. परीक्षा दीड महिन्यावर होती. ती रडली नाही. तिनं मला उचलून सरजाबाईंच्या हातात दिलं आणि म्हणाली, "मी कशाला फाडू? मी शेवट वाचलाय. पाठ आहे म्हणा ना. मावशी, तुम्ही बसा, मी सांगते."

"सांग," सरजाबाई म्हणाल्या.

"तो पाठमोरा बसलेला माणूस जोनाथन असतो. त्या दिवशी गाडी तोच चालवत होता. भीतीनं पळाला. मग रूथची फी भरली, तिच्या आईला शिवणयंत्र दिलं, दर रविवारी घरी येऊन बसला. त्याला वाटलं, असं करत करत एक दिवस फिटेल. तो रूथला म्हणतो, मी तुझ्यावर उपकार केले नाहीत, मी तुझ्यापासून लपत होतो, आणि लपायला तुझ्या घराइतकी चांगली जागा मला..."

"बस," बन्सीधर म्हणाले.

त्यांनी ड्रॉवर उघडायचा प्रयत्न केला. किल्ली कुलपात जाईना. दत्तरावांनी ती त्यांच्या हातातून घेऊन कुलूप उघडलं. खाकी पाकीट टेबलावर आलं आणि माझी आठ पानं उजेडात आली.

"मी फाडली. या पोरीचा काही संबंध नाही."

दत्तराव पाकिटाकडे बघून म्हणाले, "तुम्ही? अहो, तुम्ही?"

सरजाबाईंनी अगदी हळू विचारलं, "भाऊ, तुमी कामून फाडली?"

बन्सीधर कुणाकडेच बघत नव्हते. "देवगाव फाट्यावर ती मोटारसायकल माझी होती, सरजाबाई."

मित्रांनो, आमच्या पाच भागांत एकूण साडेअकराशे पृष्ठं आहेत. त्यांत वाचकाला दचकवण्यासाठी लेखकानं ठिकठिकाणी युक्त्या केल्या आहेत. पण त्या खोलीत त्या वाक्यानंतर जे झालं, ते आमच्या एकाही पृष्ठावर नाही. काहीच झालं नाही. पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी पेपर आला का म्हणून विचारत होतं. मी सरजाबाईंच्या मांडीवर होते, आणि त्यांची बोटं माझ्या पुठ्ठ्यात रुतत गेली. अकरा वर्षं या बाईनं त्या माणसाचं टेबल पुसलं होतं. राखीला त्यांच्या मनगटावर धागा बांधला होता. आणि मी, जिच्या पोटात नेमकी हीच गोष्ट छापलेली होती, तिलाही शेजारी उभा असलेला माणूस ओळखता आला नव्हता.

"तवा त्यायच्यात जीव व्हता का?" सरजाबाईंनी विचारलं.

बन्सीधरांना खोटं बोलता आलं असतं. त्या दिवशी फाट्यावर बघायला कुणी नव्हतं.

"होता," ते म्हणाले. "पाणी मागत होते."

सरजाबाईंनी मला टेबलावर ठेवलं. झाडू दाराआड उभा केला, पदर सारखा केला आणि त्या निघून गेल्या. संघप्रिया त्यांच्यामागं धावली.

ती पानं तशीच राहिली असती, तर सरजाबाईंनी शेवट वाचला असता, डोळे पुसले असते आणि दुसरी कादंबरी मागितली असती. त्यांच्या मनात भाऊंविषयी तिळभरही संशय नव्हता. पण भिणाऱ्या माणसाला छापलेल्या अक्षरातही आपलंच नाव दिसतं.

त्याच संध्याकाळी बन्सीधर स्वतः पोलीस ठाण्यात गेले आणि सगळं लिहून दिलं. खटला सुरू आहे. आता ते वाचनालयात येत नाहीत. दत्तराव संघप्रियाच्या घरी गेले. तिच्या वडिलांसमोर म्हणाले, "पोरी, चुकलं माझं." ती परत खुर्चीवर येऊन बसली. परीक्षा झाली, निकाल अजून लागायचा आहे. नवा ग्रंथपाल मिळेपर्यंत सकाळची किल्ली तिच्याकडेच आहे. तिनं माझी पानं पातळ कागदाची पट्टी लावून जागच्या जागी चिकटवली. एक पान जरा तिरकं बसलं आहे.

सरजाबाई सव्वा महिन्यानं आल्या. झाडूकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "ते काम त्यानं दिल्यालं. ते मी करणार न्हाई. शाळेत खिचडी शिजवायचं काम बघितलंय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी सभासदत्वाचा फॉर्म मागितला, स्वतःच्या हातानं भरला आणि माझं नाव सांगितलं.

आठ पानं वाचायला त्यांना तीन दिवस लागले. शेवटी रूथ जोनाथनला क्षमा करते, घंटा वाजते, धुकं विरतं आणि डॅनियल तिचा हात धरतो. सरजाबाईंनी मला मिटलं आणि माझ्यावर हात ठेवला.

"मावशी," संघप्रियानं चाचरत विचारलं, "तुम्ही करणार का हो माफ?"

"हिनं लय लवकर केलं," सरजाबाई म्हणाल्या. "हिला पानंच थोडी उरली व्हती. मला घाई न्हाई. त्यानं मला वाचायला शिकवलं, हे बी खरं. त्यानं माझ्या माणसाला पाणी दिलं न्हाई, हे बी खरं. दोन्ही एका जागी ठेवायला अजून जमंना गेलंय."

मित्रांनो, मी शेवट सांगणारं पुस्तक आहे, पण सरजाबाईंचा शेवट मला माहीत नाही. मला इतकंच माहीत आहे की पान फाडल्यानं गोष्ट बदलत नाही, फक्त तिची वाट बघणारा माणूस खोळंबतो. म्हणून पुस्तकं जपा. पानं दुमडू नका, फाडू नका, आणि कुणी फाडलं असेल तर दुसऱ्याच्या माथी मारू नका. तुमच्या हातून चूक झाली, तर ती त्याच दिवशी सांगा. अकरा वर्षांनी सांगितलेलं खरं ऐकणाऱ्याला फार जड जातं.

आणि मित्रांनो, रस्त्याच्या कडेला कुणी पडलेलं दिसलं, मग ते तुमच्यामुळं पडलेलं असो की दुसऱ्या कुणामुळं, तर भिऊ नका, पळू नका. आधी थांबा.