शेवंतीचा देठ

मी एक जन्मखूण आहे, मित्रांनो. कानाच्या पाळीखालून गळ्याच्या हाडापर्यंत उतरलेली, तपकिरी, चामखिळीसारखी खरबरीत रेघ. वेदिकाच्या मानेवर माझं घर. तिच्यासोबतच जन्मले, म्हणून मी स्वतःला तिची जुळी बहीणच समजते.

जन्मले तेव्हा मी फिकट होते, दुधावरच्या सायीसारखी मऊ. मला पाहिलं आणि वेदिकाची आजी, अंबूबाई, सुनेला म्हणाली, "गिऱ्हाणात शेवंती खुडली ना तू? तिचाच देठ उतरला पोरीच्या मानंवर."

वेदिकाच्या आईनं, शुभांगीनं, ते मनाला लावून घेतलं. नाशिकजवळच्या त्यांच्या मळ्यात शेवंती फुलली, की ती मुकाट्यानं झेंडूच्या वाफ्याकडे वळे. वेदिकाला न्हाऊ घालताना तिची बोटं माझ्याजवळ येत आणि वळसा घालून निघून जात. मी वाट पाहत राही.

दुपारी वेदिका फुलांच्या ढिगाशी झोपे. झोपेत तिचं बोट माझ्यावरून फिरे, वरून खाली, खालून वर. मग मलाही वाटे, आपण खरंच देठ आहोत. वारा आला की हलतो, आणि टोकाला कधीतरी फूल येणार आहे. काय सुखाचे दिवस होते ते!

वेदिका वाढली, तशी मीही जाड झाले. शाळेत तिच्या शेजारी कुणी बसेना, माझी लागण होईल म्हणून. आई माझ्यावर केस ओढून वेणी घाली. एक दिवस वेदिकाच म्हणाली, ही काढून टाकू. मित्रांनो, जुळी बहीण असं म्हणाली, की कसं वाटतं सांगू?

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी मला निरखून पाहिलं. ही निरुपद्रवी आहे, कुणाला लागत नाही, काढली तरी पुन्हा येऊ शकते, असं त्यांनी समजावलं. तेव्हा शुभांगी खाली मान घालून म्हणाली, "मीच खुडली होती शेवंती, मॅडम. ग्रहणात."

"ताई, शेवंतीचा हिच्याशी काही संबंध नाही. तुमची काहीच चूक नाही."

वेदिका आईकडे बघतच राहिली. "म्हणून तू हात नाय लावत? मला वाटायचं, तुला माझी किळस येते."

शुभांगीच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं हात पुढे केला आणि वेदिकाच्या कानाच्या पाळीखालून गळ्यापर्यंत बोट फिरवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. फुलं खुडून खुडून खरखरीत झालेलं ते बोट, अगदी माझ्यासारखंच.

काढायचं नाव पुन्हा निघालं नाही. दुसऱ्या दिवशी शुभांगीनं वेण्या मागे घट्ट घातल्या, मला उन्हात मोकळं सोडलं. मग वाफ्यात जाऊन तिनं एक शेवंती खुडली आणि वेदिकाच्या कानामागे, बरोबर माझ्या टोकाशी खोवली.

मित्रांनो, कुणा मुलीच्या अंगावर माझ्यासारखी खूण दिसली, तर तिच्या आईला कारण विचारू नका. शेजारी जाऊन बसा. आम्हाला तेवढं पुरतं.