उलट्या पावलांची वाट

ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजचे अध्यक्ष डॉ. हॅलोरन यांनी मंगळवारी तडकाफडकी राजीनामा दिला, आणि गुरुवारी प्रवेशाआधी कॉलेज बघायला तीस मुलांऐवजी एकटी मॅरेन आली. तिच्या खिशात अध्यक्षांच्या हस्ताक्षरातलं पत्र होतं : 'जरूर ये. इथे तू एकटी पडणार नाहीस.' दुसऱ्या कुठल्याच कॉलेजनं तिला घेतलं नव्हतं, आणि होकार उद्यापर्यंत कळवायचा होता.

कॉलेज फिरवून दाखवणारी तिथलीच विद्यार्थिनी टेसा रिवाजाप्रमाणे पाहुण्यांकडे तोंड करून उलटी चालत होती. समोर तीसजण असल्यासारखी मोठ्यांदा बोलतही होती.

"दर गुरुवारी अध्यक्ष नव्या मुलांबरोबर जेवतात. म्हणजे, जेवायचे."

"का गेले गं ते?"

"कौटुंबिक कारण. आम्हाला ईमेलनं कळलं. कुटुंबालाही तसंच कळलं असेल."

मॅरेन हसली. "ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू होईल तेव्हा तू असशील ना?"

टेसा थांबली, वळली आणि पहिल्यांदाच सरळ चालू लागली.

"मी दुसरीकडे प्रवेश घेतलाय," ती पाठमोरीच म्हणाली. "पण तू ये हं. हॉस्टेलची खोली तुला एकटीला मिळेल."

मॅरेन तिच्या मागून चालत राहिली. होकार तर द्यायचाच होता. फक्त तो कोणाला द्यायचा, हे विचारायचं राहून गेलं.