ठिगळाखालचं भोक

सातव्या महिन्यात आकांक्षा बाळंतपणासाठी माहेरी रोहण्याला आली ती लॅपटॉपसकट. पुण्याच्या कंपनीचं काम ओसरीवर बसून चालायचं, आणि दिवसभर फोनवर एकच जप, "पॅच गेला का? पॅच लावला का?" शेजारी तिची आई भागीरथा येणाऱ्या बाळासाठी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवत बसलेली.

"हे पॅच म्हंजे काय वं?" एकदा भागीरथेने विचारलंच.

"ठिगळच, आई," आकांक्षा हसली. "पह्यले कंप्यूटरले काम सांगाचं तं कागदाच्या लांब पट्टीवर भोकं पाडत. चुकीचं भोक पडलं का त्यावर कागदाचा तुकडा चिकटवाचा. तोच पॅच. आता कागद गेला, नाव राह्यलं."

"मंग खालचं भोक?"

"ते तसंच राह्यते. झाकल्या जाते फक्त."

भागीरथेने "हं" म्हटलं आणि सुईत दोरा ओवला.

आकांक्षाचे बाबा, चंद्रभान, दोन वर्षांपूर्वी गेले. रीतीप्रमाणे त्यांचे कपडे वाटून टाकले, तेव्हा आकांक्षाने एक पांढरा सदरा तेवढा पेटीच्या तळाशी लपवला. खिशाजवळ विडीने जळलेलं भोक होतं त्याला. लेकीला नोकरी लागल्याचं ऐकून बाबा इतके हसले होते, की तोंडातली विडी अंगावर पडली! माहेरी आली की ती हळूच पेटी उघडायची आणि त्या भोकात बोट घालून बसायची.

पॅचचं बोलणं झालं त्याच्या पुढच्या आठवड्यात तिने पेटी उघडली, तर सदरा नाही. तो गोधडीच्या मधोमध होता, कापलेला, आणि भोकावर लाल ठिगळ.

"काऊन कापला, आई? माह्यापाशी त्यायचं तेवढंच होतं!"

"नवं लेकरू जुन्याच कापडात घ्या लागते, बाई. मले वाटलं, त्याच्या आज्याचं असावं."

आकांक्षा काही ऐकेना. चांगली शिकलीसवरलेली बाई, पण रुसली ती लहान पोरीसारखी. दुपारी जेवलीसुद्धा नाही.

संध्याकाळी भागीरथा गोधडी घेऊन तिच्याजवळ येऊन बसली. "पाह्य जरा."

ठिगळाच्या तीन बाजू शिवल्या होत्या. चौथी मोकळी होती.

"खालचं तसंच राह्यते, तूच सांगतलं ना?"

आकांक्षाने बोट आत सरकवलं. भोक जागच्या जागी होतं, जळक्या कडांसकट. तिचे डोळे भरून आले.

"माह्यासाठी ठेवलं मोकळं?"

"तुह्यासाठीबी," भागीरथा म्हणाली. "तू पुण्याले गेली का ती पेटी मीच उघडत होती, बाई."