पाचव्या चाकाचे अठरा किलोमीटर

मित्रांनो, मी एक जुनी स्टेपनी आहे. स्टेपनी म्हणजे गाडीचं पाचवं चाक. पाच वर्षं मी गाडीबरोबर प्रत्येक प्रवासाला गेले, पण एकदाही फिरले नाही.

कारखान्यातून आम्ही पाच बहिणी एकदमच निघालो आणि कुंभकोणमच्या सुंदररावांच्या व्हॅनला लागलो. चौघी खाली गेल्या. मला मागच्या सीटच्या पाठीशी उभं केलं. खालच्या बहिणी झिजल्या, बदलल्या, त्यांच्या जागी दुसऱ्या आल्या. मी तिथेच. माझ्यावर ओले टॉवेल वाळायचे आणि मुरुक्कूचे, म्हणजे तिकडच्या चकल्यांचे, डबे मला टेकून झोपायचे. माझी नक्षी मात्र अगदी कोरी होती, आणि खरं सांगते, मला तिचा भारी अभिमान होता.

यंदा सुंदररावांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आता गाडी कोण चालवणार? एक होता जयकुमार, त्यांच्यासोबत वीस वर्षं गाडी चालवलेला ड्रायव्हर. दुसरी त्यांची भाची मधुमिता. वय चोवीस, लायसन्स ताजं. सुंदररावांच्या घरात जुन्या वळणाची तंजावरी मराठी चालते. ते म्हणाले, "हें पाहा गे, आपण आठ जण महाराष्ट्र पाहून येऊं. तूं ने, तूंच परत आण. वाटेंत जयकुमारला गाडीला हात लावावा लागला नाहीं, तर गाडी तुझी."

मित्रांनो, मी मनातल्या मनात तिच्याच बाजूची झाले.

निघायच्या सकाळी पूजा झाली. आमच्याकडची रीत अशी, की चाकांना कुंकू लावायचं, प्रत्येक चाकाखाली एक लिंबू ठेवायचं आणि गाडी त्यांवरून पुढे घ्यायची. सुंदररावांनी स्वतः चार लिंबं ठेवली. ज्यांना कुंकू लागलं, त्यांचीच हवा तपासली गेली. माझ्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. मधुमितानंही नाही.

पंधरा दिवस तिनं गाडी लोण्यासारखी चालवली. घाट चढली, ट्रकांना वाट दिली, सातारा दाखवला, कोल्हापूर दाखवलं. पुण्यात एका दुकानदारानं सुंदररावांच्या बायकोचं, शिवकामी मामींचं, बोलणं ऐकून विचारलं, "आजी, तुम्ही कुठल्या नाटकात काम करता?" मामी म्हणाल्या, "तीनशें वर्षें करितों. तिकीट काढलें नाहीं का?"

सोळावा दिवस शेवटचा. कोळ्ळिडम नदीचा पूल मागे गेला, तिरुप्पनंदाळ मागे गेलं. कुंभकोणम अठरा किलोमीटर. मामींनी घरच्या किल्ल्या हातात काढून ठेवल्या होत्या. आणि डावीकडून मागे फट्ट झालं.

मामींचा मुलगा गिरीश म्हणाला, "अक्का, तीन हजार किलोमीटर कांहीं नाहीं, आणि घराचा वास लागल्यावर बसली?"

"बसली नाही, थांबलीये," मधुमिता म्हणाली. "उतरा सगळे."

चाक जमिनीवर असतानाच तिनं नट सैल केले. एक हटेना, तर पान्यावर चढून उभी राहिली. मग जॅक लावला, फुटलेलं चाक काढलं आणि मला बाहेर घेतलं. पाच वर्षांनी मला ऊन लागलं. मी बोल्टांवर टप्पकन बसले. आता माझी पाळी. तिनं जॅक खाली घेतला आणि मी पोट टेकून बसले. अगदी पसरले. आत हवाच पुरेशी नव्हती. त्या क्षणी रस्त्यानं मला गिळलं असतं तर बरं झालं असतं.

सुंदररावांनी फोन काढला. "जयकुमार, ये. पाऊण तास? बरं."

मधुमिताचा चेहरा उतरला. पण ती म्हणाली, "चूक माझी, मामा. निघायच्या आधी हिची हवा मी बघायला हवी होती." मग ती वळली आणि मागे दिसलेल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाकडे पळत सुटली.

परत आली ती दुकानदाराला आणि त्याच्या हातपंपाला घेऊनच. म्हातारा तमिळमध्ये कुरकुरत होता, "हा सायकलचा पंप आहे, मुली. व्हॅनला लावलास तर हात गळून पडतील."

"आमचे सोळा आहेत," ती म्हणाली.

गाडी पुन्हा जॅकवर चढली. पहिले शंभर तिनं दाबले, मग गिरीशनं, मग बरोबरच्या चौघांनी. मामी पदर खोचून मोजत होत्या. माझ्यात थोडी थोडी हवा शिरत होती आणि मी थोडी थोडी उठत होते. एकटे सुंदरराव दूर झाडाखाली उभे होते.

"अहो," मामींनी हाक मारली, "पूजेला हिला लिंबू कोणीं दिलें नाहीं? या, पन्नास दाबा."

सुंदरराव आले. शर्टाच्या बाह्या वर सारल्या. पन्नास म्हणता म्हणता सत्तर दाबले, आणि पुढच्याला पंप देईनात.

मी टणक झाले. जॅक खाली आला आणि या वेळी मी गाडी उचलून धरली. मधुमिता शेवटचा नट आवळत होती, तेवढ्यात जयकुमारची मोटरसायकल आली. त्यानं मला अंगठ्यानं दाबून पाहिलं, पाना लावून एकेक नट पाहिला. एकही हलला नाही.

"सगळं झालंय की," तो म्हणाला. "मग मला कशाला बोलावलंत?"

मधुमिता म्हणाली, "जयकुमार अण्णा, एक काम आहे. या आजोबांना आणि त्यांच्या पंपाला दुकानापर्यंत सोडा."

सुंदरराव इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला.

मग मी फिरले, मित्रांनो. चाळीसच्या वेगानं, भातशेतांच्या मधून, पुरे अठरा किलोमीटर. माझ्या कोऱ्या नक्षीत खडे बसले, चिखल बसला, आणि ती नक्षी मला पहिल्यांदाच शोभून दिसली. घराशी गाडी थांबली. सुंदररावांनी सवयीनं किल्लीसाठी हात पुढे केला. मग तोच हात मधुमिताच्या मुठीवर ठेवून तिची बोटं किल्लीवर मिटवली, आणि बॅगा उतरवायला गेले.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे. जी रोज धावते तिला जपाच, पण जी अजून धावलेली नाही, तिच्याकडेही वळून पाहा. तिच्यात हवा भरून ठेवा. तिचा रस्ता कधी सुरू होईल, ते कुणालाच ठाऊक नसतं.