टपावरची चापट

ह्यांनी गाडीच्या टपावर दोनदा चापट मारली.

चापट पडली तेव्हा मी गाडीच्या पलीकडच्या बाजूला होते. पुढच्या आणि मागच्या दाराच्या मधे जो खांब असतो, त्यावर माझा हात होता. काही शोधायला म्हणून ठेवला नव्हता. उभं राहून पाय भरून आले होते, टेकायला काहीतरी हवं होतं. पण हाताला सवय असते. बोटं आपली आपण खाली सरकली आणि रबराच्या पट्टीशेजारी एका जागी अडली. पत्र्यावर रंग असतो तिथे बोटाला गार लागतं. इथे गार लागलं नाही. आत पुट्टी होती, आणि पुट्टीखाली कापून जोडल्याचा उंचवटा होता. मी मागून फिरून दुसऱ्या बाजूच्या खांबाला हात लावला. तिथेही तेच.

म्हणजे ही एक गाडी नव्हतीच. कुणीतरी एका मोडक्या गाडीचं पुढचं धड आणि दुसरीचं मागचं धड घेऊन दोन्ही मधोमध शिवली होती. अशी गाडी रस्त्यावर झकास पळते. जोराची धडक बसली की मात्र जोडावर उघडते. आणि मागच्या सीटवर कोण बसणार होतं, तर माझी चार वर्षांची नात.

जुन्या गाड्यांच्या बाजारात ह्यांना सगळे मास्तर म्हणतात. गाडी कुठे ठोकली होती, कुठे पत्रा बदलला, कुठे पुट्टी भरून वर रंगाचा शहाणपणा केला, हे मास्तर डोळे मिटून तळहात फिरवून सांगत. घेणारे लोक त्यांना सोबत नेतात. त्यांचा एक नेम आहे. विकणाऱ्यासमोर त्याच्या गाडीला नावं ठेवायची नाहीत, शेवटी त्याचंही पोट आहे. गाडी वाईट असली तर मास्तर काही न बोलता चालू पडतात. गाडी सरळ असली तर टपावर दोनदा चापट. चापट पडली की सौदा पक्का, त्यावर बाजारात कुणी तोंड उघडत नाही. आजवर त्यांनी एकही चापट मागे घेतली नव्हती. ह्याचा त्यांना गर्व होता, आणि कशाला खोटं बोलू, मलाही होता.

पण तो हात आता गेला होता. थंडीत एकदा ह्यांनी गॅसवरचं पातेलं फडक्याशिवाय उचललं आणि शांतपणे ओट्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं. मला कातडं भाजल्याचा वास आला म्हणून मी वळून बघितलं. ह्यांना काहीच कळलं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखर आतून नसा खाते, बोटं बधिर होतात, गेलेलं परत येत नाही. हे "बरं" म्हणाले आणि घरी आल्यावर पेपर वाचत बसले. त्यानंतर त्या विषयावर आमच्या घरात अळीमिळी गुपचिळी. ह्यांनी बाजार सोडला नाही. हाताच्या नावाखाली ते डोळ्यांवर काम भागवायला लागले. उन्हात गाडी तिरपी बघितली की पत्र्यावरची लाट दिसते. मी जेवणाच्या डब्याचं निमित्त काढून त्यांच्या मागे जायला लागले. मी का येते ते त्यांना ठाऊक होतं, त्यांना ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. ताकाला जाऊन भांडं लपवणारी आम्ही दोघं.

त्या दिवशी गाडी पत्र्याच्या शेडमधे उभी होती. उजेड नव्हता. ह्यांनी गाडी बाहेर काढायला सांगायला हवं होतं. पण समोर जावई होते, आणि जावयांच्या चेहऱ्यावर इतकी हौस होती की माझाही जीव विरघळला. लेकीला फोटो पाठवून झाला होता, नातीनं त्या निळ्या गाडीला नावसुद्धा ठेवलं होतं. "बाबा म्हणतील ती गाडी," असं जावई सगळ्यांना सांगत फिरत होते. अशा वेळी गाडी उन्हात घ्या म्हणणं म्हणजे माझा हात राहिला नाही असं म्हणणं. ह्यांनी तळहात फिरवल्यासारखं केलं आणि चापट मारली.

आता काय करावं? खरं बोलावं तर भर बाजारात नवऱ्याला जावयासमोर तोंडघशी पाडायचं. गप्प बसावं तर लेक आणि नात त्या शिवलेल्या गाडीत बसणार. मी तिसरीच वाट धरली. म्हटलं, ही गाडी मला नको.

गाडी विकणारा दलाल हसला. म्हणाला, वहिनी, गाडी जावयांची, तुम्हाला कुठे चालवायची आहे? मी म्हटलं, सीट खोल आहे, माझे गुडघे धरतील. मग म्हटलं, आत कसलातरी वास येतो, मला मळमळतं. मग म्हटलं, हा निळा रंग मेला डोळ्यांत खुपतो. एकाला एक जोडून मी सांगत सुटले. जावई बिचारे समजावत होते की आई, रंग तुमच्या लेकीनंच पसंत केलाय. आजूबाजूचे दोघेतिघे गंमत बघायला थांबले. मी दारात आडवी उभी राहिले आणि नको म्हणजे नको म्हटलं. म्हातारपणी अशी नाटकं करावी लागतील असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

ह्यांचा चेहरा लाल झाला. "तुला गाड्यांतलं काय कळतं गं?" ते सगळ्यांसमोर म्हणाले.

लग्न होऊन आले तेव्हापासून घरामागच्या शेडमधे हे पत्रा ठोकायचे, पुट्टी भरायचे, आणि पुट्टी वाळली की पाणी मारून पॉलिश पेपरनं घासायची मी. घासताना डोळे कामाचे नसतात, ओला पत्रा सगळा सारखाच चकाकतो. बोटांनी बघायचं असतं. ह्यांच्या हाताखालून जितक्या गाड्या गेल्या तितक्या माझ्याही गेल्या. आणि मला म्हणे काय कळतं. फार लागलं मला ते. अजून आठवलं की लागतं.

जावई भला माणूस. सासूचं मन राखायला गाडी नको म्हणाले आणि दलालाची माफी मागितली. आम्हाला घरापर्यंत सोडलं, चहाला मात्र थांबले नाहीत. रुसले होते, आणि रुसायला त्यांना हक्कही होता. मी मनात म्हटलं, रुसू दे, जीव तर वाचला. लेकीचा फोन आला तो मी घेतला नाही.

घरात शिरल्यावर मला वाटलं होतं हे आदळआपट करतील. ह्यांनी हातपाय धुतले आणि जेवणाच्या टेबलाशी बसले. मी ताट वाढलं. त्यांनी ताटाला हात लावला नाही.

"काय लागलं हाताला?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, जेवून घ्या, गोळी घ्यायची आहे.

"खरं सांग. काय लागलं?"

"मधला खांब," मी म्हटलं.

"कुठल्या बाजूचा?"

"दोन्ही."

त्यांनी डोळे मिटले. दोन्ही बाजूचे खांब म्हणजे काय ते त्यांना उलगडून सांगायची गरज नव्हती. मग ते स्वतःचा उजवा तळहात उलटा सुलटा करून बघायला लागले. भाजल्याचा डाग त्यावर अजून होता. मला त्यांचा इतका राग आला होता, तो कुठल्या कुठे गेला. वाटलं, आपण बाई उगाच बोललो, सांगायला नको होतं.

मग मी माझ्या परीनं समजूत घातली. म्हटलं, गाडी घेतली नाही, सुंठीवाचून खोकला गेला. माझं हसं झालं तर झालं, मी कुठे बाजारात दुकान मांडून बसलेय? तुमच्याबद्दल कुणाला काही कळलेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्यापासून तब्येतीचं कारण सांगा आणि हळूहळू बाजार बंद करा. मानानं घरी बसा.

ते ऐकून घेत होते. माझं बोलून संपल्यावर म्हणाले, "चापट गाडीवर तशीच आहे ना."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आम्ही गाडी घेतली नाही ती सासूच्या गुडघ्यांमुळे, असं बाजार समजत होता. गाडी मास्तरांनी पास केलेली होती. आता दलाल छाती ठोकून ती विकणार, आणि घेणारा डोळे मिटून घेणार.

"आपली लेक वाचली," मी म्हटलं. "जगाचा मक्ता घेतलाय का तुम्ही?"

"जगाचा नाही गं," हे म्हणाले. "माझ्या हाताचा आहे."

सकाळी मी डबा भरला नाही. उगाच कशाला आता निमित्त. हे इस्त्रीचा शर्ट घालून निघाले आणि मी त्यांच्या मागे निघाले. वाटेभर मी देवाला एकच मागत होते, ती गाडी रातोरात कुणीतरी दुसऱ्या गावी नेलेली असू दे. माझं मन इतकं कोतं झालं होतं. ती दुसऱ्या गावी कुणाला मारणार, ह्याचा विचारसुद्धा मी केला नाही.

गाडी तिथेच होती. तिच्याजवळ एक शाळेतल्या बाई आणि त्यांचा नवरा उभा होता, आणि दलाल त्यांना सांगत होता की ही मास्तरांच्या चापटेची गाडी आहे, काल त्यांच्या घरातच जायची होती. आम्हाला बघून तो आणखी खुलला. म्हणाला, हे बघा, मास्तर स्वतःच आले, विचारा त्यांना.

हे सरळ गाडीपाशी गेले. "कालची चापट मी मागे घेतो," ते म्हणाले. मोठ्यानं नाही म्हणाले, पण आसपासच्या सगळ्यांनी ऐकलं. बाजारात असं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

दलाल त्यांना दंडाला धरून बाजूला न्यायला लागला. त्याला गाडीची खोड माहीत नसावी, कारण तो खरंच गांगरला होता. म्हणत होता, मास्तर, काही शंका असेल तर आत बसून बोलू, चारचौघांत कशाला. ह्यांनी त्याचा हात हळूच सोडवला. मग समोरच्या ओळीतल्या यंत्रवाल्याला हाक मारली. हा एक पोट सुटलेला मध्यमवयीन माणूस, रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन बाजारात बसतो. ह्यांनी त्याची आजवर टिंगलच केली होती. त्याला म्हणाले, लावा तुमचं यंत्र, दोन्ही खांबांना. तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला, लावू की नको. मी मान हलवली. त्यानं लावलं. टपावर आकडा लहान होता, खांबावर एकदम चढला. त्यानं यंत्र उलटं करून खिशात टाकलं आणि कुणाकडे न बघता उभा राहिला.

शाळेतल्या बाईंनी नवऱ्याचा हात धरला आणि दोघं मागे सरली. दलालाचा तोल गेला. म्हणाला, काल एक, आज एक, मग आजवर तुमच्या भरवशावर आम्ही ज्या गाड्या विकल्या त्यांचं काय समजायचं?

"त्या सरळ होत्या," हे म्हणाले. "तेव्हा हात होता. ह्या थंडीपासून बोटांना काही कळत नाही. थंडीपासून ज्यांनी ज्यांनी मला नेलं, त्यांनी गाड्या पुन्हा तपासून घ्या. हे खांबाचंसुद्धा मला नाही कळलं. हिच्या हाताला लागलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काल ज्यांनी माझी गंमत बघितली होती, तेही त्यात होते. मला मान मिळाला म्हणायचा, पण तो घ्यायला मन तयार नव्हतं. मला फक्त ह्यांचा चेहरा दिसत होता. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात स्वतःचं डोकं दुखतं असं कधी कबूल केलं नाही, तो स्वतःच्या तोंडानं भर बाजारात हे बोलला. माझा ऊर भरून आला आणि मला रडूही येत होतं.

चहावाल्यानं दोन कप आणून दिले, ते आम्ही उभ्या उभ्या प्यायलो. दुपारी गाडी बघायला ज्यानं ह्यांना बोलावलं होतं, तो जवळ आला, पायांकडे बघत म्हणाला की आज जरा अडचण आहे, पुढे कधीतरी बघू. हे म्हणाले, बरोबर आहे. थोड्या वेळानं तो यंत्रवाल्याशी बोलताना दिसला. हे गाड्यांच्या ओळीमधून फाटकाकडे चालायला लागले. नेहमी जाता येता एखाद्या बॉनेटवरून हात फिरवायची त्यांची खोड. आज हात खिशात होते.

फाटकाबाहेर मोठा रस्ता. ट्रक, टेम्पो, रिकामा होण्याची सोय नाही. आम्ही कडेला थांबलो. ह्यांनी खिशातून उजवा हात काढला आणि माझ्यापुढे केला. लग्नानंतर इतक्या वर्षांत चारचौघांत त्यांनी कधी माझा हात धरला नाही, लोक काय म्हणतील ह्याचा त्यांना भारी धाक. मी हात हातात घेतला. रस्ता थोडा मोकळा झाला तसे आम्ही उतरलो. अर्ध्यात आल्यावर हे थबकले आणि खाली आमच्या हातांकडे बघायला लागले.

"धरलायस ना गं?"

मी बोटं घट्ट आवळली. मग माझ्या लक्षात आलं की त्याचा काही उपयोग नाही.

"धरलाय," मी म्हटलं. "धरलाय. चला."